नाक्यापर्यंतची सोबत

दाबून वाळवलेली पंचवीस रानफुलं, प्रत्येकाखाली नाव, कूळ, सापडल्याचं ठिकाण आणि पानाच्या कोपऱ्यात सरांची सही. ही वही पुरी झाल्याशिवाय वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बसू देत नसत. साठ सालच्या मार्चात माझ्या वहीत सतरा फुलं होती आणि परीक्षा महिन्यावर आली होती. उरलेली आठ काही आमच्या टिमकीच्या विणकर गल्लीत उगवणार नव्हती. तिथं मागांच्या खटखटीशिवाय काही उगवत नसे.

होळीनंतरच्या रविवारी सर सगळ्या वर्गाला गोरेवाड्याच्या जंगलात नेणार होते. मुलं सायकलींवर, आम्ही तिघी मुली टांग्यात. सरांची एकच अट होती, मुलींबरोबर कोणाच्या तरी घरचं मोठं बाईमाणूस हवं. वकिलांच्या मुलीच्या आईला ऊन सोसत नसे. डॉक्टरांच्या मुलीकडे पाहुणे होते. दोघी माझ्याकडे पाहू लागल्या, आणि आमच्या घरून कोण येणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

आत्याबाई. वडिलांची थोरली बहीण. उमरेडकडच्या एका खेड्यात तिला दिली होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि तेव्हापासून आमच्या पडवीत सुताचा रहाट घेऊन बसली ती बसलीच. ती सुताच्या कांड्या भरायची, वडील त्या मागाच्या धोट्यात घालून लुगडी विणायचे. आई दिवसभर मागाच्या कामात, म्हणून मला न्हाऊमाखू घालण्यापासून पहिली पाटी हातात देण्यापर्यंत सगळं आत्याबाईनंच केलं. मागाच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे तिचा साधा शब्दही गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. लुगडं गुडघ्याच्या थोडं खाली. दातांना मिसरी. कॉलेजच्या फाटकात ती उभी आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं तरी मला घाम फुटायचा. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हाचं हे असं होतं.

सरांनी विचारलं, "मग कोण येतंय?"

मी म्हणाले, "आमच्याकडची एक बाई येईल."

खोटं काहीच बोलले नव्हते. असं मी वाटेत स्वतःला चार वेळा सांगितलं.

घरी वडिलांची परवानगी काढणं वेगळंच. आमच्या आळीत कॉलेजात जाणारी मी एकटी. वडिलांना त्याचा अभिमानही होता आणि धास्तीही. माग थांबवून ते म्हणाले, "जा. पण एक ध्यानात ठेवजो. तुह्यावरून कोणाचं बोलणं, काही लफडं या दारापर्यंत आलं, का त्या दिवशी कॉलेज बंद. मंग तू अन् हा रहाट." ते उगाच धमक्या देणारे गृहस्थ नव्हते. बोलले की तसंच करत. मग आत्याबाईकडे वळून म्हणाले, "तू जाय तिच्यासंगं. दिवा लागायच्या आत दोघीही घरी पायजे."

"मी त्या रानात जाऊन करू काय?" असं म्हणत आत्याबाई लगेच पेटीतलं धुतलेलं लुगडं काढायला उठली.

रविवारी टांग्यात मी मुद्दाम तिच्या समोर बसले, शेजारी नाही. वकिलांची मुलगी नाकासमोर बघत होती, डॉक्टरांची मुलगी गाणं गुणगुणत होती. आत्याबाई आपली रस्त्याकडे बघून खूश. मी मात्र तिच्या ओठांकडे लक्ष ठेवून होते. ती तोंड उघडेल, मला लहानपणच्या नावानं हाक मारील, आणि संपलंच. रस्ताभर ती काही बोलली नाही. बहुधा तिलाही अवघडलं असावं. मला तेव्हा एवढंच वाटलं की सुटले.

तलावाच्या अलीकडे टांगा सावलीला सोडला. पुढे पायवाट. सरांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि सूचना सांगायला सुरुवात केली. काडीसकट फूल तोडा, मुळं उपटू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, ऊन लागलं की रंग जातो. मग म्हणाले, "आणि मोह. मोहाची फुलं नमुन्यापुरती दोन-चार घ्या, एक जास्त नको. दारूबंदी आलीय आता. परवान्याशिवाय मोहफुलं बाळगणं गुन्हा आहे, आणि नाक्यावर तपासतात. माझ्या वर्गातलं कोणी पोलीस ठाण्यात बसलेलं मला चालणार नाही."

मुलं हसली. मी मागे पाहिलं. आत्याबाई तीसेक पावलांवर एका दगडावर बसून तळपायातला काटा काढत होती. तिनं यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं. तिला सांगायला हवं होतं. पण तिला सांगायचं म्हणजे तिच्याजवळ जाऊन तिच्या बोलीत सांगायचं, आणि ती तिच्या आवाजात उलट विचारणार, "काहून वं?" अख्खा वर्ग ऐकणार. म्हटलं, नंतर सांगू. जेवताना सांगू.

रान त्या दिवशी काय फुललं होतं! पळस उतरणीला लागला होता, तरी उंच झाडांवर अजून लाली होती. बिनपानांच्या गणेरीवर पिवळीजर्द फुलं, हात पोचेल अशा उंचीवर जणू कोणी वाट्या टांगून ठेवल्यात. ओढ्याच्या काठानं धायटीची तांबडी झुडपं. दुसरं कोणी असतं तर हरखून गेलं असतं. मी फूल तोडायची, मागे बघायची. फडक्यात गुंडाळायची, सूर्याकडे बघायची. दोन मुलं आमच्यासाठी उंच फांदी वाकवून धरायला आली, तर मी अशी दचकले की हातातला डबाच खाली पडला. घरी गेल्यावर आत्याबाई काय सांगेल? फांदी मुलानं वाकवली, हे ती सांगेल? तिच्या पोटात काही राहायचं नाही, असं मला वाटायचं. तिला मी किती कमी ओळखत होते!

धायटीपाशी सर सगळ्यांना पाकळ्यांची रचना दाखवत होते. तेवढ्यात आत्याबाई पुढे आली. एक फूल खुडून तिनं डॉक्टरांच्या मुलीच्या हातावर ठेवलं. "हे चोखून पाय, गोड लागते," ती म्हणाली. मुलीनं चोखलं आणि तिचे डोळेच मोठे झाले. मग सगळ्यांनी चोखलं. सरांनीही. सर मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे, यात मध असतो. बाई, तुम्हाला झाडांची बरीच माहिती दिसते. यांच्याकडे किती वर्षं कामाला आहात?"

आत्याबाईनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळा लवतो तेवढाच. मी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"लय वर्स झाले जी," ती सरांना म्हणाली. "ही एवढीशी होती तवापासून."

सर पुढे गेले. वर्ग पुढे गेला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी पडलं, ज्याला त्या वयात नाव देता आलं नाही. आत्याबाई त्यानंतर आमच्यात आली नाही. मागेच राहिली, मोहाच्या झाडांच्या बाजूला.

जेवायला बसलो तेव्हा तिनं भाकर सोडलेलं फडकं रिकामं करून पुन्हा बांधलेलं मला दिसलं. गाठोडं टम्म फुगलं होतं. आत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. मोहाचा तो आंबूस-गोड वास पाच हातांवरून येत होता. सकाळी झाडांखाली फुलांचा सडा पडलेला असतो. खेड्यात नांदलेल्या बाईला तो तसाच सोडून जाणं म्हणजे ताटातलं टाकून उठण्यासारखं. वाळवून, भाजून, तिळागुळात घालून तिच्या सासरी खात, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. ती माहेरी घेऊन यायची तेव्हा वडिलांनाही लहानपणी फार आवडे. कायदा तिच्या लेखी कुठे होता? कायदा झाला तेव्हा ती रहाटावर बसली होती.

उठावं आणि सांगावं. उठावं आणि सांगावं. असं करत मी भाकर संपवली. दोघी मुली माझ्या दोन्ही अंगांना होत्या.

परतीच्या वेळी सरांनी घाई केली. फुलं कोमेजायच्या आत दाबायला हवीत म्हणून सगळे डबे सायकलींना बांधून ते मुलांसह पुढे निघाले. "तुम्ही टांग्यानं या, मी प्रयोगशाळा उघडी ठेवतो." सायकली वळणाआड गेल्या आणि आम्ही चौघी टांग्यात चढलो.

आता मात्र मला राहवेना. गाठोडं आत्याबाईच्या मांडीवर होतं. वकिलांच्या मुलीनं नाकाला रुमाल लावला होता. नाका अर्ध्या तासावर. मी सगळं धैर्य एकवटून बोलले, पण काय बोलले? तिच्याशी जन्मात कधी बोलले नाही अशा भाषेत म्हणाले, "ते टाकून द्या बरं तुम्ही."

द्या. तुम्ही. आत्याबाईला मी 'तू' म्हणायची. तिच्या पाठीवर बसून घोडा घोडा केलेली मी.

ती गाठोड्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, मैत्रिणींना वास येतो म्हणून मी सांगते आहे. तिनं गाठोडं उचललं, पदराखाली घेतलं, आणि लुगडं त्यावर नीट घट्ट ओढून घेतलं, वास बाहेर जाऊ नये म्हणून. "पोलीस धरतात," हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. ते बोलले असते तर सगळं वाचलं असतं. टांग्याची घंटी वाजत होती. मी झाडं मोजत बसले.

नाक्यावर शिपायानं हात केला. टांग्यात डोकावला, वास घेतला आणि आत्याबाईला म्हणाला, "ए बाई, पदराखाली काय लपवलं?"

लपवलं! तिनं गाठोडं बाहेर काढलं. शिपायानं गाठ सोडली. ओलसर पिवळट फुलं, तीन-चार शेर तरी असतील.

"परवाना?"

"कशाचा?"

"उतर खाली." तो चिडून नव्हता बोलत, रोजचं काम करावं तसं बोलत होता. मग त्यानं आम्हा तिघींकडे बघितलं. "तुम्ही कॉलेजच्या ना? ही तुमच्यासोबत आहे? कोणाच्या घरची? नाव-पत्ता लिहावा लागंल. घरच्यांना बोलवावं लागंल."

घरच्यांना. शिपाई आमच्या गल्लीत येणार. मागाची खटखट एकेका घरात थांबत जाणार. वडील दारात येणार. वही, परीक्षा, कॉलेज, सगळं त्या दारातच संपणार. दोघी मुली माझ्याकडे पाहत होत्या. टांगेवाला आधीच म्हणून मोकळा झाला होता, "अपने को क्या मालूम साहब, सवारी है." 

आत्याबाई तोवर खाली उतरली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. शिपायालाच म्हणाली, "मी नाही जी यांच्यासंगं. मी पायी चालली होती. पोरींनी बिचाऱ्यांनी दया करून बसवून घेतलं. यांना जाऊ द्या, यांच्या घरी वाट पाहून राहिले."

शिपाई माझ्याकडे वळला. मीच कडेला बसले होते म्हणून असेल. "खरं का?"

मी म्हणाले, "हो."

टांगा निघाला. डॉक्टरांची मुलगी हळूच म्हणाली, "अगं, पण ती तुमच्याकडची ना?" मी म्हटलं, "येईल ती." मागे वळून पाहायची छाती झाली नाही. मला तिची काळजी वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त, ती आत चौकशीत माझं नाव तर सांगणार नाही ना, याची काळजी वाटत होती, आणि हेही खरं.

प्रयोगशाळेत सरांनी टीपकागदांच्या चळती मांडून ठेवल्या होत्या. आठ फुलं मी दाबली. धायटीची एक काडी उलटी ठेवली म्हणून सर बोलले. "आणि बाई कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं. "नाक्यावरून परस्पर घरी गेल्या," मी म्हणाले. एव्हाना खोटं सरळ तोंडातून निघू लागलं होतं.

घरी कशी जाऊ? दोघी गेलो होतो, एकटी कशी दारात उभी राहू? गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. तिथं उभी राहिले. परत नाक्यावर जावं असं दहा वेळा मनात आलं. एकदा तर चार पावलं टाकलीसुद्धा. ऊन भिंतींवरून वर वर चढत होतं, दिवे लागायची वेळ होत आली होती, आणि बाया घागरी भरता भरता विचारत होत्या, कोणाची वाट पाहून राहिली वं?

ती आली. पायी आली होती, सगळं अंतर. फडकं रिकामं, घडी करून कमरेला खोचलेलं. काटा मोडलेला पाय जरा ओढत होती. मला बघून थांबली. नळावर तोंड धुतलं, पाय धुतले, पदरानं पुसले.

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नोको. लोक पायतात. फुलं ठेवून घेतली अन् सोडलं त्यानं मले. चाल, संगंच आत जाऊ."

आणि आम्ही संगंच आत गेलो. वडिलांनी विचारलं, "कसं झालं?" मी मागाकडे बघत होते. आत्याबाई म्हणाली, "चांगलं झालं. पोट्टी नीट वागली. मास्तर मोठा भला माणूस हाय. पाठवत जाय तिले." वडिलांनी मान हलवली आणि धोटा मारला. माझं कॉलेज वाचलं. वही पुरी झाली, परीक्षा झाली, मी पास झाले. नाक्याबद्दल ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, विसरली. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा पळस फुलला, पुन्हा सहल ठरली. वडील म्हणाले, "आत्याले घेऊन जाय." आत्याबाई रहाट न थांबवता म्हणाली, "मी नाही जात." वडिलांनी दोनदा सांगितलं, ती दोनदा नाही म्हणाली. आजवर भावाचा शब्द तिनं मोडला नव्हता. वडील बाहेर गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. वर्षभर जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "माह्यावर राग आहे म्हणून येत नाही का?"

"नाही वं. तुह्यावर कायचा राग?" तिनं कांडी काढली, दुसरी चढवली. "तिथं शिपायानं विचारलं, बाई, कोणाची कोण? तुह्या बापाचं नाव सांगितलं असतं तर तो इथं आला असता. मंग काय करू? मालकाचं सांगितलं. त्याईचं नाव घेतलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, मालक म्हणजे तिचा गेलेला नवरा. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा तिनं नाव घेतलं नव्हतं म्हणे, इतकी लहान आणि लाजरी होती. नवरा गेल्यावरही तिनं ते कधी उच्चारलं नाही. मतदारयादीवाला आला तेव्हा वडिलांनी आतून येऊन नाव सांगितलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"पहिल्यांदा घेतलं तर त्याले ऐकू नाही आलं," आत्याबाई म्हणाली. "माहा आवाजच निघेना. तो म्हणे, जोरानं सांग. मंग जोरानं घेतलं. चार माणसं होती तिथं. आता पुन्हा आली, अन् पुन्हा कोणी विचारलं, तर पुन्हा घ्या लागंल. ते माह्याच्यानं नाही होणार. तू जाय. तू जाऊ शकते एकटी."

ज्या बाईचा आवाज गल्लीच्या टोकाला जाई, तिचा आवाज निघाला नव्हता. माझ्यापायी. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं तर ती म्हणाली, "उठ, सूत गुतते." मी तिथंच बसून राहिले. तिची क्षमा मागायची होती, पण तिनं मला अपराधीच धरलं नव्हतं, मग मागणार कशी? आजही ते तसंच आत आहे.

त्या वर्षी सहलीला मी एकटीच गेले. धायटीपाशी वर्ग पुढे सरकला तेव्हा मी सरांजवळ थांबले. ते भिंगातून फूल पाहत होते. मी म्हणाले, "सर, मागच्या वर्षी आमच्याबरोबर बाई आल्या होत्या ना, ती माझी सख्खी आत्या."

सरांनी भिंग डोळ्यापासून काढलं नाही. "कोण? कोणती बाई?"

पुढची मुलं ऐकायला थांबली होती. मी पुन्हा सांगितलं, या वेळी जोरानं.